जानरावाने दिवा वाढवला

अमरावती, ता. ११ डिसेंबर १९४०

प्रिय रामभाऊ यास सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. कापूस वेचणीला आला की तुझ्यासारखा शेतकरी मित्राला पार विसरतो, हे मला अमरावतीच्या बोर्डिंगात एका खोलीत राहत होतो तेव्हापासून ठाऊक आहे. पण या खेपेला नीट वाच. मी शाळेची नोकरी सोडली. इतिहासाचा मास्तर म्हणून पोरांच्या जांभया मोजण्यापेक्षा इतिहास सांगत गावोगाव फिरावं असं ठरवलं. घरी प्रमोदिनीने अबोला धरला होता. परवा यवतमाळला माझ्या व्याख्यानाला दाराबाहेर माणसं उभी राहिली, ते पाहून तिचा अबोला सुटला.

सोबत मॅजिक लँटर्न घेतो. काचेवर काढलेलं चित्र पडद्यावर भिंतीएवढं होऊन पडतं, सगळीकडे अंधार, आणि अंधारातून माझा आवाज. लोक म्हणतात, वरखेडकर बोलायला लागले की तोफेचा धूर नाकात जातो. तू म्हणशील चढून गेलाय. गेलोच आहे थोडा.

नवं व्याख्यान तुझ्याच भागातलं आहे, 'करंजगड कसा पडला'. उन्हाळ्यात तू लग्नाला परगावी गेला होतास, तेव्हा मी गडाच्या पायथ्याशी येऊन गेलो. तिथल्या भैरोबाच्या देवळात एक खूप म्हातारा गुरव भेटला, त्याने गडाची सगळी हकीकत सांगितली. तो नंतर गेला म्हणे. म्हणजे ती गोष्ट आता माझ्याजवळच उरली. नाताळात अकोल्याला बोलणार आहे. तू आलाच पाहिजेस.

तुझा,
कमलाकांत

---

चिंचखेड, पो. तेल्हारा, ता. २ जानेवारी १९४१

कमळू, रामराम.

अकोल्याला आलो होतो. कापसाची गाडी जिनात लावली आणि थेट थिएटरात येऊन मागच्या बाकावर बसलो. तुला न भेटताच निघालो, त्याचं कारण सांगतो.

बोललास फार चांगलं. माझ्या शेजारचे वकील डोळे पुसत होते. पडद्यावर करंजगडाचा बुरूज आला, तर मी त्याच्यावरचा पिंपळसुद्धा ओळखला. मग तू म्हणालास, "आणि तेवढ्यात त्या नीच जानरावाने दिव्याची वात पुढे सारली. ज्योत मोठी झाली. खाली दबा धरून बसलेल्या शत्रूला हवी ती खूण मिळाली." सगळं थिएटर 'शेम शेम' करून ओरडलं.

कमळू, तो जानराव गावंडे आमचा. बाबांच्या आजोबांचा आजा. गडाच्या बुरुजावरचा दिवा आमच्या घराकडे होता. बोर्डिंगात मी हे बोललो नाही, कारण तुम्ही मला आधीच फार चिडवत होतात, वर 'दिवट्या' म्हणून नाव ठेवलं असतं. आमच्या घरी गोष्ट अशी आहे, की गनीम त्या दिव्याच्या अंदाजाने वर चढत होता. जानरावाने दिवा बंद केला. अंधारात गडावरच्या बायका-लेकरं मागच्या वाटेने जंगलात, सेमाडोहकडे निघून गेली. जानराव बुरुजावरच राहिला आणि तिथेच कापला गेला. म्हणून दरवर्षी दसऱ्याला भैरोबापुढचा पहिला दिवा आमच्या घरच्या हाताने लागतो. सगळं गाव मागे उभं असतं.

गुरवाने तुला काय सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठव. बाबांना मी अजून काही बोललो नाही.

रामराव

---

अमरावती, ता. ९ जानेवारी १९४१

प्रिय रामभाऊ,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. जानराव तुमचा हे मला ठाऊक असतं, तर नाव तरी गाळलं असतं. पण गोष्ट कशी गाळू? राग मानू नकोस, प्रत्येक घराणं आपला पूर्वज शूरच होता असं सांगतं. फितुराच्या घरी फितुरीची गोष्ट कोण कशाला ठेवील? इतिहास लिहिणाऱ्याने घरच्यांचं ऐकायचं नसतं, तिऱ्हाइताचं ऐकायचं असतं.

गुरवाचे शब्द मी तिथेच पाठ करून घेतले होते. "गनीम वर चढून राहिला होता. तवा जानरावानं दिवा वाढोला. मंग गड पडला." वाढवला! इतकं स्वच्छ वाक्य आहे. वात सारणं, ज्योत मोठी होणं हे मी थोडं रंगवलं, ते सभेत करावंच लागतं. पण मूळ शब्द त्याचाच आहे. याचा दुसरा काही अर्थ होत असेल तर तूच सांग.

पुस्तकही छापायला गेलं आहे. तुला पहिली प्रत पाठवीन.

कमलाकांत

---

चिंचखेड, ता. १५ जानेवारी १९४१

कमळू,

सांगतो. तुमच्या घरी निजताना दिव्याला काय करतात? 'शांत कर' म्हणत असतील. शहरात 'मालव' म्हणतात. आमच्याकडे दिवा कोणी विझवत नाही. लहानपणी माझ्या तोंडून 'विझव' निघालं होतं, तर मायने थोबाडीत दिली होती. घरातल्या लक्ष्मीला जा म्हणायचं नाही, म्हणून आमच्याकडे दिवा वाढवतात. दिवा वाढवला म्हणजे बंद केला. गावात कुणालाही विचार, म्हातारी असो की पोर.

गुरवाने तुला आमचीच गोष्ट सांगितली रे! तू तिचा उलटा अर्थ घेतलास. एवढ्या शिकलेल्या माणसाला घरातला शब्द कळू नये, याचं हसू येतं आणि रागही येतो. पुस्तक अजून छापून झालं नसेल तर ते पान बदल. माझ्यासाठी नको, बाबांसाठी बदल. आपण सुट्टीत यायचो तेव्हा हरभऱ्याचा ओला हुळा भाजून तुला पहिला देणारे तेच नत्थुजीकाकाजी तुझे.

रामराव

---

चिंचखेड, ता. ७ ऑक्टोबर १९४१

कमलाकांत वरखेडकर यांस,

तुमचं पुस्तक पोहोचलं. आत पत्र नव्हतं. पान बदललेलं नाही. उलट ज्योतीचं चित्र काढून घातलं आहे.

आमच्या शाळेत मास्तरांनी ते पोरांना वाचून दाखवलं. पोरांनी घरी जाऊन सांगितलं. तू म्हणशील, गावाला तर खरी गोष्ट माहीत होती. होती ना. आजीपासून सगळ्यांना माहीत होती. पण आजी सांगते ती गोष्ट, आणि छापलेलं आहे तो इतिहास, असं आता इथे झालं आहे. गावात कोणी 'दिवा वाढवला' असं म्हणतच नाही, तुझ्या पुस्तकात 'ज्योत मोठी केली' आहे तेच म्हणतात. उद्धवराव पाटलांचा त्या मानावर जुना डोळा होता. त्यांना निमित्तच मिळालं. यंदाच्या दसऱ्याला पहिला दिवा त्यांच्या हाताने लागला.

बाबा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते, तेल-वात घेऊन. कोणीतरी म्हणालं, "काकाजी, तुमी दिवा नोका लावू. गनीम येईन." सगळे हसले. बाबा परत आले. तेव्हापासून ओसरीवरसुद्धा बसत नाहीत. एका डोळ्यात मोतीबिंदू आधीच होता, आता दुसराही गेला आहे. वच्छला सासऱ्यांना हाताला धरून अंगणात आणते, तर विचारतात, "रस्त्यावर कोनी हाय का?" कोणी असलं तर परत आत.

परवा मला म्हणाले, "ज्याच्या तोंडून खराब झालं, त्याच्याच तोंडून सुधरू दे. मंग मी सुखानं मरीन." मी त्यांना काही कबूल केलेलं नाही. तुझ्या वतीने कबूल करायची माझी आता छाती होत नाही.

रामराव

---

मुंबई, ता. २० एप्रिल १९४२

प्रिय रामभाऊ,

या पत्रावर तू थुंकलास तरी चालेल, पण वाच.

मी हिवाळ्यात मुंबईला आलो. सरकारी माहितीपट निघतात, त्यांना मराठीत बोलणारा माणूस हवा होता. कुणीतरी माझं व्याख्यान ऐकलं होतं. पडद्यावर चित्र धावतं आणि मागे माझा आवाज असतो. शेतीचे, कापडाचे, पलटणीचे, सगळे माहितीपट केले. सिनेमाच्या आधी दाखवतात. ट्राममध्ये बोललो तर लोक वळून बघतात. हे सगळं तुला ऐटीत लिहायचं मी ठरवलं होतं आणि तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही म्हणून लिहीत नव्हतो.

इथे जपानी विमानांची दहशत आहे. रोज संध्याकाळी ब्लॅकआऊट. परवा खालच्या किराणावाल्याकडे मेणबत्ती आणायला गेलो. तो दाराच्या फळ्या लावत होता. म्हणाला, "साहेब, दुकान वाढवलं, उद्या या." मी बरं म्हणून वळलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. दुकान वाढवलं. हा शब्द मी जन्मभर ऐकला आहे, बोललो आहे. बांगडी फुटली की माझी आई 'वाढली' म्हणायची. रामभाऊ, मला येत होता तो शब्द. तू जानेवारीत समजावलंस तेव्हाही आतून पटलं होतं, पण पुस्तकाचे पहिले फर्मे छापून झाले होते आणि लोकांना तो फितूर फार आवडला होता. प्रत्येक सभेत त्याच जागी टाळी पडायची.

आता ऐक. गडांवर एक माहितीपट निघणार आहे. जुन्या काळी लोक कसे सावध असत हे दाखवायचं, आणि त्यावरून आज दिवे कसे बंद ठेवावेत ते सांगायचं. मी करंजगड सुचवला. जानराव हा दिवा बंद करून गाव वाचवणारा माणूस, यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं मिळणार? साहेबांना पसंत पडलं. काकाजींना सांग, ज्या तोंडाने बिघडवलं तेच तोंड सुधारणार. आणि अमरावती-अकोल्यापुरतं नाही, सगळ्या मुलखात.

तुझा,
कमळू

---

चिंचखेड, ता. ५ मे १९४२

कमळू, रामराम.

थुंकलो नाही. वच्छलेने पत्र हातातून घेऊन बाबांना वाचून दाखवलं. तिला अडखळत वाचता येतं, पण बाबांनी तिच्याकडून ते दोनदा वाचवून घेतलं. दुकानदाराच्या जागी हसले. म्हणाले, "मास्तर झाला, लेकाचा, अन् दुकानदारानं शिकोलं." किती दिवसांनी त्यांना हसताना ऐकलं.

आता रोज विचारतात, "कमळूचा सिनेमा आला का?" मी सांगतो, वेळ लागते बाबा. परवा ओसरीवर येऊन बसले. मी अजून तुझ्यावर रागावलेला आहे, पण तेवढ्यासाठी तुला लिहितो, लवकर कर.

रामराव

---

मुंबई, ता. १४ फेब्रुवारी १९४३

प्रिय रामभाऊ,

वेळ लागला. ऑगस्टनंतरच्या गडबडीत सगळीच कामं बंद होती. अमरावतीला गेलो तर ओळखीची पोरं तुरुंगात, आणि लोक मला सरकारचा भोंगा म्हणतात. म्हणू देत. हे एक काम झालं की त्यांचं काय ते ऐकून घेईन.

काल आवाज भरला. माझं वाक्य असं आहे: "गनीम वर चढत होता. तेव्हा जानरावाने दिवा वाढवला." मुद्दाम 'विझवला' घेतलं नाही. 'मालवला'ही नको म्हटलं. गुरवाच्या तोंडचा, तुमच्या घरचा जो शब्द तोच ठेवला. काकाजी ऐकतील तेव्हा त्यांना कळेल की कमळूने त्यांच्याच शब्दात सांगितलं. या वाक्यावरचा माझा कापरा आवाज साहेबांनी तसाच ठेवला, फार छान वाटतो म्हणाले.

चित्र नंतर जोडतात. जोडणारे गृहस्थ परप्रांतातले आहेत, मराठी येत नाही, पण त्यांना कुणी तरी मजकुराचा तर्जुमा करून देतं. पावसाळ्यात प्रचाराच्या मोटारी वऱ्हाडात निघतील, त्यात हा असेल.

तुझा,
कमळू

---

चिंचखेड, ता. १२ सप्टेंबर १९४३

कमळू,

मोटार आली. तेल्हाऱ्याच्या बाजारात पडदा बांधला होता. अर्धं चिंचखेड तिकडे लोटलं. बाबांना बंडीत गादी घालून नेलं. मी म्हटलं, शेजारी बसून काय दिसतं ते सांगत जातो. तर म्हणाले, "काही सांगू नको. मले कमळूचा आवाज आयकू दे."

आवाज तुझाच होता. बुरूज आला. तू म्हणालास, "तेव्हा जानरावाने दिवा वाढवला." बाबांनी माझा हात घट्ट धरला. आणि पडद्यावर एका हाताने वात पुढे सारली. ज्योत वाढत वाढत पडदाभर झाली, कमळू. पडदाभर! तुझ्या पुस्तकातल्यापेक्षा मोठी. तुला जे पहिल्यांदा समजलं होतं, तेच त्या परप्रांतातल्या माणसाला समजलं. पुढे तुझा आवाज "आणि गड पडला" म्हणाला, बायका-लेकरं निसटल्याचं कुठेच आलं नाही, आणि मग दिवे बंद ठेवा म्हणून सांगितलं. माझ्या मागे कोणी तरी ओरडलं, "पाय बे, कसा वाढोला!" सगळा बाजार हसला.

बाबांनी विचारलं, "हासून काहून राहिले?" मी म्हटलं, "खुशीनं हासून राहिले, बाबा." दुसरं काय सांगणार होतो? परतताना बंडीत त्यांचे डोळे गळत होते. म्हणाले, "कमळूनं बराबर सांगतलं. आपलाच शब्द बोलला. आता गावानं आयकलं. यंदा दसऱ्याले मीच जाईन दिवा लावाले." घरी आल्यावर पेटीतून पांढरं धोतर काढायला लावलं. वच्छला स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तू ते चित्र पाहिलं होतंस. फेब्रुवारीनंतर तुझं एक पत्र नाही, त्यावरून मी समजलो. तुझा खुलासा मला नको. तू फक्त ये. दसऱ्याच्या आधी ये आणि गावासमोर उभा राहून सांग. बाबांना पायऱ्यांवरून पुन्हा परत आणायचं माझ्याने होणार नाही.

रामराव

---

मुंबई, ता. १९ सप्टेंबर १९४३

रामभाऊ,

येतो. चित्र बदलावं म्हणून खूप पाय धरले, पण प्रती सगळ्या प्रांतांत गेल्या आहेत, परत येत नाहीत. मोटार तुमच्याकडे येणारच नाही, अशा वेड्या आशेवर बसलो होतो. येतो. काकाजींना सांग.

कमळू

---

अमरावती, ता. १२ ऑक्टोबर १९४३

प्रिय रामभाऊ,

तुला न सांगता पहाटेच निघून आलो. तुझ्यासमोर उभं राहणं जमलं नसतं. तू देवळाकडे नव्हतास, तेव्हा तिथलं मी लिहितो. ते तुझं आहे, तुला कळलं पाहिजे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चावडीवर माझं काय झालं ते तू पाहिलंस. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं साधं मी कधी बोललो नव्हतो. शब्दाचा अर्थ सांगितला, चूक माझी म्हटलं, हात जोडले. उद्धवराव पाटील म्हणाले, "तुमी सांगून राहिले थे ठीक हाय. पन आमी त सोताच्या डोळ्यानं पायलं ना." आणि तो कोपऱ्यातला म्हातारा, "हा थो आवाजवाला नोहेच. थ्याचा आवाज केवढा मोठा होता!" माझाच आवाज माझ्यावर उलटला, रामभाऊ. त्यांना दोष तरी काय देऊ? पडद्यावर दिसतं ते खरं, हे मीच तर सांगत फिरलो.

दुसऱ्या दिवशी गावाने दिवा पाटलांच्या वाड्यासमोर लावायचं ठरवलं. निदान थोडी माणसं तरी देवळाकडे यावीत म्हणून तू दारोदार फिरत होतास. तोवर काकाजी थांबेनात. मी आणि वच्छलावहिनी त्यांना घेऊन निघालो. गडाच्या पायथ्याशी पोहोचलो तर देवळापुढे कुणी नाही. पटांगण रिकामं. मी वाटेकडे पाहत राहिलो, तू कुणाला तरी घेऊन येशील म्हणून.

पायऱ्यांवर काकाजी थांबले आणि त्यांनी विचारलं, "गाव आलं का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आलं, काकाजी."

"कोन कोन आलं?"

मला गावातली नावं कुठली माहीत? आदल्या दिवशी चावडीवर जे मला हसले होते, त्यांचीच नावं घेतली. म्हटलं, उद्धवराव पाटील पुढे आहेत, पागोटं काढून हातात धरलं आहे. त्यांच्या मागे दुर्गाबाई ताट घेऊन उभ्या आहेत. माणिकबाईंच्या कडेवर नातू आहे, सोन्याची पानं त्याच्या मुठीत आहेत. बाभळीपर्यंत माणसं उभी आहेत, मागच्यांना दिसत नाही म्हणून पोरं दगडावर चढली आहेत. बोलत गेलो. माझा तो सगळा आवाज, थिएटरातला, पडद्यामागचा, मी त्या रिकाम्या जागेवर ओतला. इतकं चांगलं वर्णन मी कधीच केलं नव्हतं. वहिनी पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

काकाजी म्हणाले, "मंग गाव बोलत काहून नाही?"

मी म्हटलं, "तुमच्या मानासाठी गप्प आहे."

त्यांनी मान हलवली. हाताने चाचपत दिवा लावला. बोट भाजलं, पण हात काढला नाही. मग त्या पटांगणाकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं थे झालं. माह्या मनात आता काही नाही. चुकते मानूस. मी माफ केलं." सगळ्या गावाला त्यांनी माफ केलं, रामभाऊ, आणि तिथे गाव नव्हतं. मी पायरीवर बसलो.

मुंबईचं काम सोडल्याचं कळवलं आहे. आता कशाचंही वर्णन करायची भीती वाटते. काकाजींना काही कळू देऊ नकोस. ते समाधानात आहेत, तेवढं तरी राहू दे.

तुझा,
कमळू

---

चिंचखेड, ता. ३ डिसेंबर १९४३

कमळू, रामराम.

बाबा गेले. मागच्या मंगळवारी, दुपारी, जेवण झाल्यावर. त्रास झाला नाही. तार करायला माणूस तेल्हाऱ्याला पाठवला होता, पण ती तुला मिळाली नसावी. मिळाली असती तर तू आला असतास, एवढा विश्वास मला आहे.

खांदा द्यायला भाऊबंद होते आणि वाटेत दोन-चार जण मिळाले. पाटील आले नाहीत. शाळेत तुझं पुस्तक चालू आहे, ज्योत आहे तशीच आहे. मोटार परत येणार म्हणतात. माझ्या पोरांना पुढेही हे ऐकावं लागेल. तू मुंबई सोडलीस म्हणून मला आनंद झाला नाही, आणि मी तुला माफ केलं असं लिहायला बसलो तर हात चालत नाही. खोटं कशाला लिहू?

पण एक गोष्ट सांगायची आहे. सांगू नको असं बाबांनी बजावलं होतं, तरी सांगतो. दसऱ्यानंतर काही दिवसांनी मी त्यांचे पाय चेपत होतो. ते आपणच म्हणाले, "गाव आलं नोतं, मले मालूम हाय. इतके मानसं उभे असले त बिडीचा वास येते, लेकरू रडते, कोनी खोकलते. तिथं नुसती हवा होती."

मी विचारलं, "मग बाबा, तुम्ही माफ कोणाला केलं?"

ते म्हणाले, "कमळूले. थोच त एकटा होता ना तिथं."

रामराव